काढून टाकलेला खोकला

डिस्क दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत, कारण बंद पडलेल्या प्रत्येक डिस्कला तो ‘पेशंट’ म्हणायचा. त्या दुपारी मावशी आपला पेशंट घरी न्यायला गेली, तेव्हा मात्र त्याने नेहमीची थट्टा केली नाही.

“फाइली निघाल्या, बाई. उघडतातही. पण आत काही नाही... नुसती शांतता आहे.”

मावशीने मान हलवली आणि डिस्क पिशवीत टाकून घरची वाट धरली. तिचं काम आवाजाचं. लोकांनी वाचलेली पुस्तकं ध्वनिमुद्रित करायची, त्यातले खोकले, अडखळणं, घोट गिळणं काढून सगळं गुळगुळीत करायचं. तिच्याच बंद खोलीत बसून, घशाच्या ऑपरेशनच्या आधी, तिच्या थोरल्या बहिणीने, ताईने, लेकीसाठी गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. दवाखान्यातून ताई परत आलीच नाही. तिची ठमी तेव्हापासून मावशीकडे राहत होती आणि अधूनमधून विचारायची, “आईच्या गोष्टी कधी देणार?” मावशी म्हणायची, “थांब गं, खोकले काढते, मग देते.” चांगलं करून द्यायचा हट्ट तिला नडला. खोकले राहिले असते तर काय बिघडणार होतं? पोरीला आई हवी होती.

“दुसरी प्रत काढून ठेव हं,” असं ताई जाताना बजावून गेली होती. तशी प्रत होतीही. दुसरी डिस्क कायम जोडलेलीच असायची. पहिलीत काही बदललं की लगेच तस्सं दुसरीत उतरायचं. मावशीला त्या सोयीचं केवढं कौतुक! मग एकदा सगळ्या गोष्टी साठवता साठवताच वीज गेली, फाइली बिघडल्या, आणि वीज आल्यावर दुसऱ्या डिस्कनेही इमानेइतबारे चांगली प्रत पुसून ती बिघडलेलीच उतरवून घेतली. सुटी ठेवायची म्हणून आणलेली तिसरी डिस्क खणातच होती. तिचं वेष्टणही फोडलेलं नव्हतं.

खोलीचं जाड दार लावून मावशीने डिस्क जोडली आणि कानांवर हेडफोन चढवला. डॉक्टर म्हणाला तसंच होतं. पडद्यावर आवाजाची एक सरळ रेघ, आणि कानात काही नाही. बंद खोलीत बरीच माणसं बसून गेल्यावर हवा कोंदट होते ना, तसा मात्र वास येत होता. आणि त्याच्यात औषधी गोळीचा, ताई चघळायची तसल्या गोळीचा...

मग कानात कुणीतरी खोकलं.

मावशीने पडद्याकडे पाहिलं. तो खोकला तिने ओळखला. पहिल्या गोष्टीतला, सगळ्यात आधी तिने काढला होता तोच. रेघ तरीही सरळच होती.

“ताई...” तिला रडू फुटलं. “माफ कर गं. दुसरी प्रत नाही ठेवली मी. पोरीला आता काय देऊ?”

हे बोलणं कुठे नोंदलंही जाणार नव्हतं. माइक तर त्याच्या पेटीत बंद होता. तिने हेडफोन उतरवला, तेवढ्यात बाहेरच्या दाराची घंटा पुसट वाजली. डोळे पुसून तिने दार उघडलं, तर ठमी शाळेतून आली होती. पोरीने एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, दप्तर उतरवलं आणि आतल्या कप्प्यातून एक पेनड्राइव्ह काढून तिच्या हातावर ठेवला.

“आईने दवाखान्यात जाताना दिला होता. म्हणाली, मावशी रडली की तिला दे, तोवर सांगू नकोस. म्हणून मी गोष्टी मागतच राहिले.”

“मी रडले हे तुला काय माहीत?”

“शेवटच्या गोष्टीनंतर रडतेस ना तू. मी पांघरुणात आईच्या मोबाइलला लावून रोज ऐकते, पण तेवढं सोडून देते.”

मावशीने पेनड्राइव्ह जोडला, हेडफोन चढवला. तिने शेवटची गोष्ट लावली. ताईचा आवाज, खोकल्यांसकट, जसाच्या तसा. गोष्ट संपली. मग एक हुंदका आला, आणि मावशीला स्वतःचाच आवाज ऐकू आला. “माफ कर गं. दुसरी प्रत नाही ठेवली मी. पोरीला आता काय देऊ?”

त्यानंतर ताई, अगदी कानाशी, हळू म्हणाली, “असू दे गं. मी ठेवलीये ना... दार उघड, ठमी आली.”

मग घंटा वाजली.

मावशी हमसून रडायला लागली. भीती होतीच, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. ती प्रत ठेवणार नाही हे ताईने आधीच ओळखलं होतं, तरी ती रागावली नव्हती. पडद्यावरची पट्टी पुढे सरकत होती. फाइल अजून बरीच उरली होती.

ठमीने घाईघाईने तिच्या कानांवरून हेडफोन ओढला.

“पुढचं नको, मावशी.”

“का गं? पुढे काय आहे?”

ठमी तिला बिलगली.

“पुढे मी रडते,” ती म्हणाली. “तुला हाका मारते... आणि तू ओ देत नाहीस.”