बाभळीच्या पाचरी

मृग लागायच्या आत चक्कीचं इंजिन मोहदरीला पोचवायचं होतं. आष्टीपासून वाट चौदा किलोमीटरची. त्यातले अकरा किलोमीटर निव्वळ जंगल आणि शेवटी माकडउडीचा घाट. त्या घाटातून तोवर माणसं चढली होती, जनावरं चढली होती, एकदोनदा रिकामी जीपही चढली होती. साडेचारशे किलोचं लोखंड मात्र कोणी चढवलं नव्हतं!

साल एक्क्याऐंशी. रोहिणी लागून चार दिवस झाले होते. पाऊस सुरू झाला की बाकडी नाला दिवाळीपर्यंत गाडीला वाट देत नसे. आणि सरकारी योजनेच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, पावसाळ्याआधी इंजिन जागेवर बसलं नाही तर ते यादीतल्या पुढच्या गावाला जाईल.

मोहदरी म्हणजे डोंगरावरची एकतीस घरं. ज्वारी दळायची तर पहाटेपासून जातं ओढायचं, नाहीतर डोक्यावर पायली घेऊन आष्टीची चक्की गाठायची. जात्याला दोघी लागतात, म्हणून घरोघर आईसमोर पोरगी बसे. प्रेमदास मास्तरांच्या हजेरीपटावर सात मुलींची नावं होती. वर्गात येत असे एक, तीही डुलक्या घेत.

मास्तरांची बायको प्रमिला वर्ध्याजवळच्या पिपरीची, बी.एस्सी. झालेली. तिनं गावातल्या बायकांचं मंडळ उभं केलं आणि भर बैठकीत शब्द दिला, "चक्की मी आणते. तुम्ही पोरी शाळेत पाठवा." पोटात लेक असताना आणि मग लेक कडेवर घेऊन दीडेक वर्ष तिनं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. इंजिन मिळालं ते तिच्या सहीनं. आता राहिला होता तो फक्त घाट, आणि तिचा शब्द.

तशी प्रमिला जात्याच घोर लावून घेणारी. लेक झोपली तरी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणार. देवकाबाई, तिची सासू, म्हणायची, "हिच्या जिवाले घोर नसला तं हिले जेवण गोड लागत नाई."

पण यावेळी घोर लावायला कारण होतं. चैत्रात एकदा ती इंजिन घेऊन निघाली होतीच. जीप आष्टीच्या लहानूची, मिलिटरीच्या लिलावातली. तिच्या चासीला, म्हणजे सगळी गाडी ज्यावर उभी असते त्या लोखंडी सांगाड्याला, जुनी चीर होती. शहरातल्या कुणा वेल्डरनं तिच्यावर जाड चौकोनी पट्टी डागून दिली होती. नाल्याच्या पहिल्याच धक्क्यात चासी तडकली. पट्टीवर नाही, पट्टीच्या अगदी कडेला. बैल जुंपून गाडी परत आणावी लागली.

मग गाडी गेली आष्टीच्या डोमाजी लोहाराकडे. साठीचा म्हातारा. जन्मभर बैलगाड्यांच्या चाकांवर लोखंडी धावा चढवलेल्या. त्यानं गाडीखाली डोकं घातलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "पट्टी नाई मोडली. पट्टीनं मोडलं. आखूड अन् ताठ बांधलं का जोर कडेले जाते."

त्यानं ती पट्टी तोडून काढली. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, चीर तिथंच थांबावी म्हणून. जुन्या धावेच्या लोखंडाच्या दोन हातभर लांब पट्ट्या घेतल्या, त्यांची टोकं तिरपी कापली, आणि लाल तापवलेले रिव्हेट ठोकून त्या चासीच्या दोन्ही अंगांना बसवल्या. तीन दिवस भाता प्रमिलानं ओढला. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "डोमाजीमामा, वाटेत चासी पुन्हा तडकली तर कळणार कसं?"

"आवाज येईन ना."

"आवाज येईपर्यंत उशीर झालेला असतो."

तिनं चुना कालवला आणि सगळ्या चासीवर कुंच्यानं पोतारा दिला. पोतारलेल्या भिंतीत केसाएवढी भेग गेली तरी काळी रेघ दिसते, तसंच हे. लहानू पोट धरून हसला. "वयनी, गाडीचं लगन हाये का? हळद बी लावा!"

तांबडं फुटताना तिघं आष्टीहून निघाले. लहानू चाकावर, प्रमिला त्याच्या शेजारी, आणि मागं इंजिनाला टेकून, हत्यारांची पिशवी मांडीवर घेतलेला डोमाजी. इंजिन साखळीनं आवळलेलं होतं. ते सरकू नये म्हणून त्याखाली वाळल्या बाभळीचे ठोकळे ठोकलेले. कडेला दोन लांब लोखंडी चॅनेल बांधले होते. चक्कीचा पाया त्यांच्यावर बसायचा होता. पुढं बंपरला पाण्यानं भरलेली छागल लटकत होती. नऊ महिन्यांची लेक वर मोहदरीला, सासूपाशी. "उद्या दिवेलागणीच्या आत येते," असं प्रमिला आदल्या दिवशी तिच्या कानात सांगून आली होती, जणू तिला ते कळतंच.

बाकडी नाल्याच्या वाळूत चाकं गुडघाभर रुतली. पळसाच्या फांद्या तोडून खाली घातल्या, तेव्हा गाडी निघाली. पलीकडे प्रमिला गाडीखाली शिरली. चुना पांढराशुभ्र, एकसंध. पुढं साग लागला, उन्हाळ्यानं पार उघडा केलेला. वाळक्या पानांचा थर चाकांखाली पापडासारखा मोडत होता, आणि वर आभाळ काशाच्या ताटलीसारखं तापत चाललं होतं. दर किलोमीटरला ती थांबायला लावी.

"वयनी, इतक्यांदा तं मी माह्या बुढीचीबी तब्येत नाई पाह्यली," लहानू म्हणाला.

"म्हणून ती तुमच्यावर चिडते," प्रमिला गाडीखालून म्हणाली. मागं डोमाजी खोकल्यासारखा हसला.

टेंभुर्णीच्या दाटीतलं वळण घेतलं, आणि वाटेतच अस्वल!

लालसर पिकलेली टेंभरं वेचत होतं. मान वर झाली. नाक हललं. ते मागच्या पायांवर उभं राहिलं. लहानूनं ब्रेक दाबला, मागचा गिअर टाकला आणि गाडी मागं रेटली. मागचं चाक दगडावर चढलं, आणि धाडकन आदळलं. सगळं इंजिन हललं. डोमाजीनं हातोडा पत्र्यावर बडवायला सुरुवात केली. ठण! ठण! ठण! अस्वलानं थोडा वेळ विचार केला, मग चारी पायांवर आलं आणि चिडलेल्या म्हातारीसारखं पुटपुटत झुडपात गेलं.

प्रमिला उतरायला लागली.

"तुमी बसा वयनी, ते अजून इथीसाच असन," लहानू म्हणाला. "मी पायतो." तो गाडीखाली गेला. जरा जास्तच वेळ लागला. आला तो बोटं धोतराला पुसत. "सब ठीक हाये. चाला."

माकडउडीच्या पायथ्याशी पोचले तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. छातीत दूध दाटल्याची कळ आली, तशी प्रमिलानं मनात हिशेब केला, लेक आता उठली असेल. ती खाली उतरली आणि सवयीनं गाडीखाली आडवी झाली.

उजवी बाजू ठीक. मधले जोड ठीक. डावी बाजूही पांढरी. मग नजर का अडतेय?

तिचा पोतारा कुंच्याचा होता. त्यात बारीक उभ्या रेघा होत्या. इथं वीतभर जागा गुळगुळीत होती. तिनं बोट लावलं. ओलं! आणि त्या चुन्यात तंबाखूचा एक कण चिकटलेला.

ती बाहेर आली. "लहानूभाऊ, तुमची चुन्याची डबी दाखवा."

लहानूनं मान खाली घातली. कनवटीची डबी काढून तिच्या हातात दिली. ती रिकामीच होती.

"बारीकशी रेघ होती वयनी. मले वाटलं चुनाच फुटला असन. तुमी पाह्यली असती तं परत चाला म्हटलं असतं. इतक्या दूर आलो. तुमच्या जिवाले घोर नको म्हून मी..."

"लहान्या," डोमाजी म्हणाला, "वैद्यापासून नाडी लपवते का कोणी?"

प्रमिला पुन्हा गाडीखाली शिरली. तिनं कोयत्याच्या टोकानं चुना खरवडला. काळी रेघ निघाली, दोन बोटं लांब, मिलिटरीच्या जुन्या बोल्टाच्या भोकापासून. डोमाजीनं तिच्याशेजारी झोपून पाहिलं, आधी आपला जोड चाचपला. "माहा जोड नाई हालला," तो म्हणाला, आणि मग हळू आवाजात, "पण हे भोक मी पाह्याले पाहिजे होतं."

लहानूनं टोपी काढली. "परत जाऊ वयनी. तुमी म्हणान तसं."

दोघं तिच्याकडे पाहत होते. ही घाबरट, ही परत फिरवणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. प्रमिलालाही वाटत होतं तेच. पण तिनं घोर मोजायला सुरुवात केली, मोठ्यानं. "परत गेलो तर नाला आहे. उतरताना धक्के तेवढेच, ओझं तेवढंच. म्हणजे चीर परत जातानाही वाढणार. इथं उतरवायचं तर तिघांनी उचलणार नाही. वर गेलो तर एकच किलोमीटर, आणि घाटमाथ्यावर मास्तर सगळ्या गावाला घेऊन उभे आहेत." ती थांबली. "मामा, हाड मोडलं की कामट्या बांधतात ना?"

"बांधतेत."

"मग बांधा. चॅनेल आहेत की."

"ते चक्कीच्या पायाचे हायेत, बाई."

"चक्कीच वर नाही पोचली, तर पाया कशाला घालायचा?"

म्हाताऱ्यानं चॅनेलच्या गाठी सोडल्या. मग पिशवीतून हातड्रिल काढलं.

तासभर गेला. डोमाजीनं चिरेच्या टोकाला भोक पाडून तिची वाट बंद केली. दोन्ही चॅनेल चासीच्या खालून लांबीनं लावले, चिरेच्या दोन्ही अंगांना हात हातभर पुढं जातील असे. गाडी ओढायची साखळी त्यांच्याभोवती चार वेढे फिरवली. इंजिनाखालचे दोन ठोकळे काढून तासले, त्यांच्या पाचरी केल्या आणि साखळीत ठोकल्या. तरी साखळी बोटानं हलत होती.

"आणखी ठोकलं तं पाचर फुटन," डोमाजी म्हणाला.

प्रमिला त्या पाचरींकडे पाहत होती. वाळलेली बाभूळ. वैशाखात मोहदरीचे लोक काय करतात? उन्हानं चाकं खिळखिळी झाली की गाड्या डोहात नेऊन उभ्या करतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि धाव पुन्हा गच्च बसते. तिनं बंपरची छागल सोडली.

"वयनी, पाणी तेवढंच हाये," लहानू म्हणाला.

"तुम्ही दोन घोट घ्या. मामा, तुम्हीही." तिनंही घेतले. मग जुनेर फाडून पाचरींना गुंडाळलं आणि उरलेली सगळी छागल थेंबाथेंबानं त्यांच्यावर ओतली. तिघं सावलीत बसून राहिले. अर्ध्या तासात साखळी करकरली. डोमाजीनं तिच्यावर हातोडा मारला. टण्ण! मघाशी ती नुसती खुळखुळत होती. आता घंटेसारखी वाजली. म्हातारा गालात हसला. "चाळीस वर्सं चाकं पाण्यात उभी करून राह्यलो. हे डोस्क्यात नाई आलं."

प्रमिला गाडीत बसली नाही. हातोडा घेऊन डाव्या बाजूनं पायी चालली, वाकून, नजर पाचरींवर. मागं डोमाजी चाकाखाली टाकायला धोंडा घेऊन.

पहिलं वळण. चासी कुरकुरली, पाचरी जागेवर. दुसरं वळण. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला कातळ, मध्ये जीपपेक्षा वीतभर रुंद वाट. मागचं चाक कडेची माती खाली पाडत गेलं.

तिसऱ्या वळणावर ती माकडउडी. कमरेइतकी कातळाची पायरी; गावकऱ्यांनी दगड रचून तिचा उतार केला होता. पुढची चाकं चढली. जीपचं इंजिन गुरगुरलं. मागची चाकं लागली, आणि अख्खी जीप पिळली!

प्रमिलाला दिसलं. मागची पाचर बाहेर येतेय. एक बोट. दोन बोटं!

"थांबू?" लहानू ओरडला.

इथं थांबलं तर गाडी दगडांसकट मागं येईल. मागं डोमाजी आहे.

"थांबू नका! चला!"

तिनं हातोडा उचलला. गाडी चालतेय, चाकाची माती तोंडावर उडतेय, साखळी कण्हतेय. एक घाव. चुकला. दुसरा! पाचर आत. तिसरा! साखळी टण्णकन वाजली. जीपनं कातळ ओलांडला, पुढं झेपावली आणि सपाटीला लागली.

वरून आरोळी उठली. प्रेमदास मास्तर शर्टाच्या बाह्या वर करून सगळ्यांच्या पुढं धावत आले. त्यांनी आधी गाडीकडं पाहिलं नाही, बायकोकडं पाहिलं. चुना, माती, हातात हातोडा. "जयभीम, मेकॅनिकबाई," ते म्हणाले. त्यांनी हातोडा तिच्या हातातून घेतला.

देवकाबाई नातीला घेऊन मागं उभी होती. प्रमिलानं हात पदराला पुसले, लेक घेतली आणि तिथंच मोहाखाली पाठ करून बसली. दिवेलागण अजून लांब होती.

लहानू दर येणाऱ्याला गाडीखाली वाकायला लावत होता. "हे पाय. वयनीनं बांधलं. अन् लपवालपवी मी केलती, तेबी सांगतो." त्याला चार दिवस मोहदरीतच राहावं लागलं. चॅनेल चक्कीच्या पायात गेले, म्हणून डोमाजीनं चासीला धावेच्या नव्या पट्ट्या ठोकल्या, तिरप्या टोकांच्या. पहिल्या पिठाच्या भाकरी खाऊन जीप खाली उतरली, तेव्हा दर थांब्यावर गाडीखाली शिरत होता लहानू.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा उघडली. प्रमिला लेकीला घेऊन चक्कीपाशी गेली, तर देवकाबाई इंजिनाच्या पायाशी उकिडवी बसलेली. चॅनेलच्या चारही बोल्टांना ताजा चुना फासलेला. म्हातारी एकेक बोल्ट डोळे बारीक करून बघत होती.

"काय पाहता, आत्याबाई?"

"रोज पायतो. घोर लागते ना जिवाले," देवकाबाई म्हणाली, आणि पलीकडच्या शाळेकडं मान उडवली. "तिकडं जाऊन पाहजो. सकाळपासून सात मोजल्या मी."