भुसा फिरला तो कोपरा

"उद्या आमची गाडी निघायच्या आत तळ्याचं पाणी कुटं जातंय ते शोधायचं!" गंगासागर मित्राला, उत्तरेश्वरला, म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत उत्तरेश्वर सिरसाळ्याच्या शाळेतून वाडीवर आला होता, पण फराळाचं नावही कुणी काढत नव्हतं. आजोबांच्या काळात हे तळं बांधलं आणि उजाड माळावर वाडी वसली. दर उन्हाळ्यात तळ्यातला गाळ शेतात पडायचा आणि ज्वारी माणसाच्या डोक्यावर जायची. आता मात्र दिवाळीलाच तळं आटायला लागलं होतं. देवी कोपली म्हणत घरामागून घरं कुलूप लावून गेली. गंगासागरच्या वडिलांनी, दुकानदार मन्मथप्पांनीही, तराजू गाडीत बांधला होता. दुकान उठलं की वाडी मोडली, हे पोरांनाही कळत होतं.

बांधाची बाहेरची बाजू कोरडी ठणठणीत होती, म्हणजे पाणी बांधातून जात नव्हतं. शेजारच्या, त्यांच्याच वयाच्या कडूबाईला युक्ती सुचली. तिनं टोपलीभर भुसा आणून पाण्यावर पसरला. भुसा आधी रेंगाळला, मग एका कोपऱ्याकडे सरकला आणि तिथे गोल गोल फिरायला लागला!

गंगासागरनं कमरेला बैलाचा कासरा बांधला, टोक उत्तरेश्वर आणि कडूबाईच्या हातात दिलं आणि ती पाण्यात उतरली. पायाला चिखल लागायला हवा होता, लागला खरखरीत मुरूम. पुढच्याच पावलाला पाय गुडघ्यापर्यंत आत ओढला गेला. दोघांनी सगळं बळ लावून तिला बाहेर काढलं.

ओल्या कपड्यांनीच ती गाळ काढायचं काम बघणाऱ्या पाटलांच्या, अर्जुनरावांच्या, ओट्यावर गेली आणि खोदून खोदून तळ्याच्या बुडाला भोक पडल्याचं तिनं सांगितलं. जास्त खोदलं की जास्त पाणी साठतं, असं सांगून त्यांनी तिला उडवून लावलं.

"काका, गाळ सरला तरी तुमी थांबला न्हाईत. तळाची चिकणमातीबी शेतात नेली. खाली निस्ता मुरूम हाय, पाणी त्यात जिरतंय. चला, दावते."

पाटलांसमोर भुसा पुन्हा त्याच कोपऱ्यात फिरला. त्यांची मान खाली गेली. मग सारी वाडी कामाला लागली. पाणी अडवायला कोपऱ्याला आडवी माती घातली, आत टोपल्यांनी काळी चिकणमाती ओतली, म्हशींनी ती तुडवून घट्ट केली. दिवेलागणीला भुसा टाकला, तो जागचा हलला नाही.

"चूक माजी हाय," अर्जुनराव सगळ्यांदेखत म्हणाले. "पोरांनी वाडी राखली. आता गाळ काढताना हीच काठावर उभी ऱ्हातील. त्यांनी बास म्हटलं, की कुदळ खाली!"

मन्मथप्पांनी गाडीतला तराजू सोडला आणि दुकानातल्या खुंटीला परत टांगला. ते बघून गंगासागरला रडू फुटलं.