दुगोनच्या हद्दीवर

डोंगरावरच्या वायरलेस चौकीतून कॉर्पोरल आर्तेमिओला जिवंत खाली आणायचं, एवढंच काम होतं. वादळात कडा ढासळला, त्याच्या मांडीवर दरड कोसळली, आणि तेवढा निरोप पोचवून चौकीचा वायरलेसही गप्प झाला. ढग इतके खाली उतरलेले की हेलिकॉप्टरचं नाव काढायची सोय नव्हती. जायचं तर पायीच!

आणि निघाली कोण? मेजर सोलेदाद! सगळी नोकरी तिनं ट्रक, तांदूळ, बूट, रजा आणि बदल्या यांत काढलेली. कुठला माणूस कुठं पाठवायचा आणि त्याच्या मागोमाग जेवण कसं पोचवायचं, यात तिचा हात धरणारा अख्ख्या फौजेत नव्हता. पाठीमागं तिला 'कोठारवाल्या बाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पण आर्तेमिओची बदली त्या चौकीवर तिनंच केली होती. "बायको बाळंत व्हायच्या आत तुला खाली बोलावते," असा शब्दही दिला होता. तो शब्द पाळायचा तर आता तिलाच जायला हवं होतं.

बरोबर होते सार्जंट सालुदेस आणि शिपाई दोमेन, दोघंही सपाटीवरचे. ओझी वाहायला तिनं माणसं निवडली ती आपल्या आईच्या गावची, अम्बायानची. दालुपिंगमामा आणि त्यांचे तीन पुतणे. सोलेदाद कलिंग जमातीची, याच डोंगरातली लेक. अडीअडचणीला तिला मामाच आठवले, यात नवल ते काय?

"सोले, फौजेत तुला एवढी माणसं, आणि ओझ्याला शेवटी म्हातारा मामाच का गं?" दालुपिंगमामांनी सुपारीची पिंक टाकत विचारलं.

"त्यांना रस्ता लागतो, मामा. तुम्हाला लागत नाही."

"ऐकलंत ना, सार्जंट? गोड बोलून मारते ही!"

"आम्ही रोजच मरतो, मामा," सालुदेस म्हणाला, आणि सगळे हसले. त्यानंतर हसायची वेळ आलीच नाही.

नदी फुगली होती. झुलता पूल कधीच वाहून गेलेला. मोठ्या पुतण्यानं कमरेला दोर बांधून उडी टाकली. एक ओंडका आला! पोरगा बुडाला, दिसेनासा झाला. मग पलीकडच्या खडकाला एक हात चिकटलेला दिसला. दोर ताणला गेला, एकेक जण छातीभर पाण्यातून सरकत पार झाला. पुढं चढण. चिखल असा की दोन पावलं चढावीत आणि एक घसरावं. बुटांत जळवा शिरल्या, त्यांच्याकडं बघायलाही कुणी थांबलं नाही.

चौकी म्हणजे आता पत्र्यांचा नुसता ढीग उरला होता. आर्तेमिओ एका ताडपत्रीखाली पडला होता, अंगात ताप, मांडी सुजून काळीनिळी झालेली. त्याच्या जोडीदार शिपायाचा हात खांद्यातून निखळलेला, तरी तो आर्तेमिओवर छत्री धरून बसला होता.

"मॅडम, तुम्ही स्वतः आलात?" आर्तेमिओ पुटपुटला. "मला वाटलं, खोकी पाठवाल."

"खोक्यांना तुला उचलता येत नाही रे," ती म्हणाली आणि तोंड फिरवून तिनं डोळे पुसले.

स्ट्रेचर बांधून ते निघाले, आणि तेवढ्यात डोंगर गडगडला. पायाखालची जमीन थरथरली. "मागं व्हा! मागं!" झाडं उभीच्या उभी खाली गेली. धूळ नाही, आवाज नुसता! ढग जरा बाजूला झाले तेव्हा दिसलं, की ते ज्या वाटेनं चढले होते, ती कड्याच्या मधोमध तुटली होती. एकटादुकटा माणूस मुळ्या धरून उतरला असता कसाबसा. स्ट्रेचर? नाव नको!

सोलेदाद डगमगली नाही. दुसऱ्या वाटेची सोय केल्याशिवाय तिनं कधी साधा ट्रकसुद्धा हलवला नव्हता. नकाशात तिनं ती हेरून ठेवलीच होती: पलीकडच्या उतारानं दुगोन गावातून थेट डांबरी रस्त्यावर.

त्या उतारावर थोडं खाली ओढा लागला, तिथं दालुपिंगमामांनी स्ट्रेचर खाली ठेवलं. पुतण्यांनीही हात काढून घेतले.

"काय झालं? उचला ना!"

"इथून पुढं दुगोनची हद्द, सोले."

"मग?"

"दोन्ही गावांतला शांततेचा करार मोडलाय. गेल्या महिन्यात. पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं, आपल्या पोरानं त्यांचा माणूस कापला. आता अम्बायानचं रक्त दिसलं की ते वाहवणार."

"हे आत्ता सांगताय?"

"तू म्हणालीस, वर जायचं आणि त्याच वाटेनं परत. म्हटलं, मग काय बिघडतं?" म्हातारा म्हणाला. "तू विचारलंच नाहीस गं."

नाहीच विचारलं! ती याच डोंगरात जन्मली, आणि माणसं निवडताना तिनं नातं पाहिलं, करार पाहिला नाही. कुठल्याही दुसऱ्या गावचे हमाल आणले असते तर आज स्ट्रेचर खाली धावलं असतं.

"आपण तिघं नेऊ, मॅडम," सालुदेस म्हणाला.

"एवढ्या उतारावर तिघं? आणि तिघांतली मी कोण, सालुदेस? मीही अम्बायानचीच. या वर्दीला इथं कुणी विचारत नाही."

आर्तेमिओ आता तापात बरळत होता, बायकोला हाका मारत होता. थांबायला वेळ नव्हता. सोलेदादनं पिस्तूल काढून सालुदेसच्या हातात दिलं आणि एकटी ओढा ओलांडून उतरू लागली. मामांनी हाक मारली, तिनं वळून पाहिलं नाही.

दुगोनच्या पहिल्या घरापुढं एक बाई भात कांडत होती. तिला पाहताच मुसळ थांबलं. पायरीवर एक धिप्पाड माणूस कोयत्याला धार लावत बसला होता.

"कुणाची तू?" त्यानं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. शहरातली आहे, फौजेची आहे, काहीही. पण खोटं उघडं पडलं तर मग आर्तेमिओलाही कुणी हात लावला नसता.

"अम्बायानच्या इन्गायची मुलगी," ती म्हणाली. "वर माझा माणूस मरतोय. तो इथला नाही, कुठल्याच गावाचा नाही. मला पाणी द्या."

या डोंगरात ज्याला घरचं पाणी मिळालं तो हद्दीपर्यंत सुरक्षित. ज्याला मिळालं नाही, त्यानं समजून घ्यायचं. माणूस कोयता घासत राहिला. सोलेदाद उभी राहिली. हुकूम देता येईना, विनवणी पुन्हा करता येईना, परतही फिरता येईना. इतकी हतबल ती आयुष्यात कधी झाली नव्हती. शेजारच्या घरांतून पुरुष बाहेर आले, त्यांच्याही हातांत कोयते होते.

अखेर तो उठला. घरात गेला. करवंटीत पाणी घेऊन आला. सोलेदादनं दोन्ही हात पुढं केले.

तो तिच्या शेजारून पुढं निघून गेला! पाणी न सांडता तो चढ चढू लागला. बाकीचे त्याच्या मागं. ती धडपडत त्यांच्या पाठोपाठ धावली.

ओढ्याशी पोचल्यावर त्यानं आर्तेमिओचं डोकं उचलून त्याला पाणी पाजलं. मग जोडीदाराला, सालुदेसला, दोमेनला एकेक घोट दिला. उरलेलं मातीत ओतलं. दालुपिंगमामा जमिनीकडं पाहत होते.

"बानुतान आहे तो," ते कुजबुजले. "मेला तो त्याचाच भाऊ."

बानुताननं स्ट्रेचरचा पुढचा दांडा खांद्यावर घेतला. सोलेदाद पुढं झाली. "त्याची डावी मांडी हलू देऊ नका, आणि उतारावर डोकं..."

"सांगू नकोस," तो म्हणाला. "यांना पाणी दिलंय. तुम्हाला नाही. अंधार पडायच्या आत इथून जा."

आपला माणूस परक्यांच्या, नव्हे, वैऱ्यांच्या खांद्यावरून झाडीत दिसेनासा होताना ती पाहत राहिली. मागं धावता येत नव्हतं. मग ती, मामा आणि तिन्ही पुतणे तो तुटलेला कडा मुळ्यांना लोंबकळत उतरले. धाकटा पुतण्या दोनदा घसरला. मामांचे तळहात सोलवटले. आर्तेमिओ वाचला की वाटेतच गेला, हे नदी पार होईपर्यंत कुणाच्या तोंडून निघालं नाही.

वाचला! पाय मात्र गेला. रुग्णालयात सोलेदाद त्याच्या खाटेशी बसली तेव्हा त्याच्या कुशीत नुकतीच जन्मलेली मुलगी होती.

"दर विसाव्याला मला पाणी पाजलं त्यांनी, मॅडम," तो म्हणाला. "तो पुढचा माणूस वाटेत फक्त एकदाच बोलला. तुमच्यासाठी निरोप आहे."

"काय?"

"म्हणाला, तुझ्या मेजरला सांग, माझा भाऊ ओढ्यापाशी पडला होता तेव्हा पाणी मागत होता. अम्बायानच्या कुणी ते दिलं नाही."

सोलेदाद उठली. खिडकीपाशी गेली. खाली अंगणात दालुपिंगमामा तिची वाट पाहत उभे होते, त्यांनी हात हलवला. तिनं हलवला नाही.