टेपचं दुसरं टोक

हे मी रचलेलं नाही. रचायला वेळ कुठे आहे? लेक दुपारी चाळीस मिनिटं झोपते, तेवढ्यात लिहितेय.

पाच महिन्यांपूर्वीचा मंगळवार. भर दुपार, तीनचा सुमार. एका आडगावातलं जुनं पोस्ट ऑफिस.

माझं काम वारसा इमारती तपासायचं. आमच्या जिल्ह्याच्या यादीत अशा एकशे बारा आहेत. दर पाच वर्षांनी जायचं, मोजमापं घ्यायची, फॉर्म भरायचा. त्यात एक रकाना असतो, 'सध्याचा वापर'. तिथे 'रिकामी' लिहिलं की इमारत यादीतून बाहेर.

आणि यादीतून बाहेर म्हणजे महिन्याभरात भुईसपाट.

खोली मोजायला दोघं लागतात. मी टेप वाचून मीटरचा आकडा मोठ्याने सांगते. दुसऱ्या टोकाला आमचे ड्राफ्ट्समन काका तोच आकडा परत म्हणतात. चूक होत नाही. सहा वर्षांची सवय.

त्या दिवशी काकांची कंबर धरलेली. लेकीला सांभाळणाऱ्या शेजारच्या आजी गावाला. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने. म्हणून आठ महिन्यांची लेक पोटाशी बांधली आणि एकटीच गेले.

"ही पण नोकरीला लागली वाटतं," किल्ली देताना समोरचे शिंपी म्हणाले.

"बिनपगारी," मी म्हटलं.

ते हसले. मग म्हणाले, "पोस्टमास्तरीणबाई वारल्यापासून कुलूपच आहे. मागच्या खोल्यांत एकट्या राहायच्या. पत्रं लावताना पत्ते मोठमोठ्याने वाचायच्या. मी एकदा चिडवलं, कुणाला ऐकवता? तर म्हणाल्या, कुणी नुसतं हो म्हटलं तरी पुरे."

आत गेले. पहिल्या खोलीत टेपचं टोक विटेखाली दाबलं आणि समोरच्या भिंतीपर्यंत ओढत नेलं.

"चार वीस."

"चार वीस."

लिहून घेतलं. दुसरी खोली.

"तीन पंच्याहत्तर."

"तीन पंच्याहत्तर."

तिसरी, स्वयंपाकघर.

"दोन नव्वद."

"दोन... नव्वद."

बाईचा आवाज. हळू. खूप दिवसांनी कुणाशी बोलल्यासारखा.

पेन्सिल थांबली.

काका तर घरी झोपले होते.

रिकाम्या घरात आवाज घुमतो, मी स्वतःला समजावलं. मग अगदी ओठांतल्या ओठांत म्हटलं, "एक."

"...एक."

एवढ्या हळू काही घुमत नाही.

टेपचं बटण दाबलं. ती सर्रकन परत यायला हवी होती. आली नाही. दाराआड कुणीतरी धरून ठेवल्यासारखी ताणलेलीच राहिली.

लेक दाराकडे बघत होती. तिने हात पुढे केला आणि हसली. ओळखीच्या माणसाला बघून हसते, तशी.

मग टेप सैल पडली. झटका नाही, खळखळ नाही. कुणी सावकाश सोडत आणावी तशी परत आली.

बाहेर पळताना पहिल्या खोलीत ती वीट दिसली. ठेवली होती तिथेच. पुढच्या खोल्यांत मी ती नेलीच नव्हती...

शिंप्यांच्या हातात किल्ली दिली. विचारलं, "आत कुणी असतं का हो?"

त्यांनी सुई खाली ठेवली. "कोण असणार? रिकामीच आहे. तसंच लिहायचं ना?"

बसमध्ये फॉर्म मांडीवर घेतला. 'वापरात' लिहिलं तर खोटं. 'रिकामी' लिहिलं तर तेही खोटं, पण ते फक्त मला ठाऊक. साहेबांना काय सांगणार होते?

'रिकामी' लिहिलं.

महिन्याभरात इमारत पाडली.

पाडली त्याच संध्याकाळी मी ओट्यापाशी लेकीच्या दुधाची पावडर मोजत होते. मोठ्याने मोजते मी. घरात बोलायला असतंच कोण?

"एक. दोन."

आतल्या खोलीतून... "दोन."

नवऱ्याला फोनवर सांगितलं. म्हणाला, झोप होत नाही तुझी. होत नाहीच.

तेव्हापासून मी आतल्या खोलीच्या दाराकडे बघत नाही. पण मोठ्याने मोजायचं काही सुटलेलं नाही, का ते विचारू नका.

काल दमून मधेच विसरले, तीन झाले की चार. चमचा हातात धरून उभी राहिले. लेक रडत होती.

आतून आलं...

"चार."

मी पाचवा चमचा टाकला.