तिसऱ्या मशीनवरचा कॉल

दसऱ्याला काही नवीन सुरू करायचं आमच्या साहेबांच्या मनात आलं, की त्यांना कुणी थांबवू शकत नाही. अंबडच्या ऑफिसात सर्व्हरच्या कपाटाला झेंडूचा हार चढला, नारळ फुटला आणि साहेबांच्या सांगण्यावरून, माझ्यासोबत सर्व्हर सांभाळणाऱ्या धम्मपालने जुनी यंत्रणा पुसून नवी बसवली. तिची चाचणी अजून व्हायची होती, पण मुहूर्त टळून चालणार नव्हतं ना. साहेब पेढे वाटून घरी गेले. पांढरा शर्ट घालून आलेल्या धम्मपालला दुपारी बुद्धलेणीवर वंदनेला जायचं होतं.

सुरगाण्याकडच्या पाड्यांवरून आशा सेविका आमच्या हेल्पलाइनला फोन करतात आणि आमच्या नर्स छायाताई अडलेल्या बाळंतपणात त्यांना पुढचं सांगतात. आलेला कॉल कोणत्या मशीनकडे द्यायचा हे लोड बॅलन्सर ठरवतो. मशीनं दोनच, तीही एकाच सर्व्हरच्या डब्यात सॉफ्टवेअरने उभी केलेली. लोड बॅलन्सर दोघांनाही सारखी हाक मारतो आणि जे ओ देईल त्याच्याकडे कॉल जातो.

त्या दिवशी दोघांपैकी कुणीच ओ देईना. छायाताई हेडफोन लावून नुसत्या बसून होत्या. स्क्रीनवर मात्र एक कॉल चालू दिसत होता, तिसऱ्या मशीनवर.

"तिसरं कधी बनवलंस?" मी विचारलं.

"मी कशाला बनवू?" धम्मपाल म्हणाला.

मी शोधलं. त्या मशीनच्या नेटवर्क पत्त्यावर काहीच नव्हतं. मी भुताखेतांना भीक घालणारी नाही. जुनी नोंद राहिली असेल, असं म्हणून मी तो कॉल स्पीकरवर घेतला. आवाज बयाबाईंचा होता, वरच्या पाड्यावरच्या आशा सेविकेचा.

"हो बाई, मनालीच. पहिलटकरीण हाय."

मग शांतता, समोरचं कुणी बोलत असावं एवढी. आम्हाला ते बोलणं ऐकू येत नव्हतं.

"नाय, गाडी घाटातच हाय अजून." पुन्हा शांतता. "हो, पानी उकळलं."

छायाताईंचा चेहरा उतरला. "मी हेच विचारलं असतं," त्या म्हणाल्या. "याच क्रमानं."

एव्हाना मला बिघाड सापडला होता. घाईत दोन्ही मशीनं भलत्याच नेटवर्कला जोडली गेली होती. दुरुस्ती सोपी होती, पण सगळं बंद करून पुन्हा चालू करावं लागणार होतं आणि त्यात हा कॉल तुटला असता.

"थांब सायली." छायाताईंनी माझा हात धरला. "कुणी का असेना, तिला सांगतंय ना."

"बाई, डोकं आलं. नाळ गळ्याला हाय." बयाबाईंना धाप लागली होती. "काढली. पन रडत नाय ते."

त्या न पाहिलेल्या बाळासाठी माझा जीव तुटत होता.

मग बाळ रडलं.

कॉल संपला. मी जोडणी बदलून सगळं चालू केलं. दोन्ही मशीनांनी ओ दिली, तिसरं यादीतून गेलं. लगेच छायाताईंच्या हेडफोनवर कॉल आला. मी स्पीकर बंद केला नव्हता.

"बाई, बयाबाई बोलते. आत्ताच पोचले. कळा लागल्यात पोरीला."

छायाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "मनाली ना? कितवी खेप?"

"हो बाई, मनालीच. पहिलटकरीण हाय."

गाडी. पाणी. उत्तरं शब्दाला शब्द तीच येत होती. भीती वाटत होती, पण धीरही आला होता. शेवट आम्हाला माहीत होता. फक्त काही बदलायचं नाही, असं मी छायाताईंना हाताने खुणावलं.

पण जन्मभर बायकांची बाळंतपणं केलेल्या त्या बाईला समोर धोका दिसत असताना गप्प बसवेना.

"बयाबाई, नाळ गळ्याला आहे. डोकं आलं की आधी ती बोटानं सैल करा."



"डोकं तर अजून दिसलं नाय, बाई. तुम्हाला कसं कळलं?"

हा प्रश्न मघाच्या कॉलमध्ये नव्हता.