कोणाच्या पाण्याने भरायचा तलाव?

शाळेचा पोहण्याचा तलाव बांधून तयार होता, फक्त कोरडा होता. खोल बोअरचे पाणी सोडले की झाले! मे महिन्यात तालुक्याची शर्यत होती. शाल्मली तर बाकावर पालथी पडून हवेतच हात मारायची.

पण कातळवाडीच्या शाळेत पाण्याचे निर्णय मुलांची पाणीसभा घेई. तिथे दूत नावाचा यंत्रमानव अजून न जन्मलेल्या माणसांच्या वतीने बसे. त्याला मत नव्हते, एकच प्रश्न विचारायचा हक्क होता.

"हे पाणी उपसलं, तर परत केव्हा भरेल?" दूतने विचारले.

"पावसाळ्यात!" सगळे ओरडले.

"कशावरून?"

"ए, हा दुसरा प्रश्न झाला!" शाल्मलीने दटावले. पण उत्तर तिलाही ठाऊक नव्हते. बोअरच्या पाण्याची बाटली घेऊन ती आजोबांकडे गेली. ते भूजलशास्त्रज्ञ (जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारे) होते. त्यांनी प्रयोगशाळेत त्याचे कार्बन-कालमापन (पाण्यात विरघळलेल्या कार्बनवरून वय काढण्याची रीत) केले.

"चार हजार वर्षं जुनं," काही आठवड्यांनी निकाल आल्यावर ते म्हणाले.

"अगंबाई, केवढं शिळं!"

आजोबा हसले. "विहीर दर पावसाळ्यात भरते. हे पाणी मात्र भेगाभेगांतून झिरपत खोल जलधरात (पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थरात) पोचलंय. उपसलं, तर भरायला पुन्हा हजारो वर्षं."

शाल्मलीचे तोंड उतरले. "जुन्या लोकांनी ते आपल्यासाठी राखून ठेवलं?"

"छे गं! त्यांच्याकडे पंप कुठे होता? पाणी आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे, आणि पंपही आहे. म्हणून जबाबदारी आपली."

"पण जे जन्मलेच नाहीत, ते आपले कोण?"

"त्यांची नावं माहीत नाहीत. पण दुष्काळात त्यांना तहान लागणार, हे माहीत आहे ना? तेवढी ओळख पुरे."

"मग कध्धीच हात लावायचा नाही?"

"दुष्काळात प्यायला लावू की. पोहायला नको."

दुसऱ्या दिवशी शाल्मलीने सभेत सगळे सांगितले. "तुझी शर्यत बुडाली ना गं!" मैत्रीण कुजबुजली. शाल्मलीने बोअरच्या विरोधात हात वर केला. मग आणखी हात वर झाले. छपरावरचा पाऊस तलावात आणायचे ठरले. उन्हाळाभर मुलांनी आजोबांच्या देखरेखीखाली पन्हळी बसवल्या. शर्यत मात्र हुकली ती हुकलीच.

ऑगस्टमध्ये पाणी छातीपर्यंत आले. कितीतरी खोल, खडकाच्या पोटात, जुने पाणी जागच्या जागी होते. शाल्मलीने भिंतीला पाय रेटले, हात पसरले, आणि नव्या पाण्याने तिला अलगद उचलून धरले.