हाताची राखीव प्रत

डॉ. यास्मिन मुलाणींनी डाव्या हातात चहाचा कप धरला, बिस्कीट बुडवायला उजवा हात पुढं न्यायला गेल्या आणि तो आलाच नाही. खुर्चीच्या दांडीवर ठेवला होता तसाच तो पडून राहिला.

"सवय जात नाही बघा," त्या म्हणाल्या. कप खाली ठेवून त्यांनी बिस्कीट कोरडंच खाल्लं.

समोर वृंदा टिळेकर संगणकाच्या पडद्याकडं डोळे वटारून बसली होती. पडद्याला कान असते तर तिनं एव्हाना ते पिळले असते. साताऱ्यातल्या त्या कृत्रिम हातपायांच्या केंद्रात 'संगणक विभाग' अशी एक पाटी होती आणि पाटीमागं एकटी वृंदा. बाकीच्यांना हा विभाग कुठं आहे हे फक्त काही बिघडलं की आठवायचं.

डॉक्टर मुलाणी जनावरांच्या डॉक्टर. काही वर्षांपूर्वी एका गोठ्यात गाईनं धडक दिली आणि त्यांचा उजवा हात चारा कापायच्या चालू कडबाकुट्टीत गेला, पार खांद्यापर्यंत. केंद्रानं त्यांना यांत्रिक हात बसवला. हा हात शिकणारा होता. खांद्याच्या स्नायूंना जरा ताण आला, की माणसाच्या मनात काय आहे ते ओळखायचा आणि ती हालचाल आपण होऊन पुरी करायचा. एखादी गोष्ट एकदा-दोनदा केली तर तो लक्षात ठेवत नसे. पुन्हापुन्हा केली तरच ती त्याच्या हस्तस्मृतीत बसायची. डॉक्टरांनी त्याला हजारो गाईंच्या पोटात घातला होता. गाय गाभण आहे का, किती महिन्यांची, वासरू आडवं आहे का, हे तो बोटांनी सांगायचा. सोनोग्राफीचं यंत्र वाडीवस्तीवर नेईपर्यंत डॉक्टरांचं तपासून व्हायचं. लोक त्यांना लांबून बोलवायचे ते याच हातासाठी.

रात्री हात चार्जिंगला लावला, की घरातल्या एका छोट्या पेटीत त्याची स्मृती उतरायची. ही घरपेटी म्हणजे युनिक्सवर चालणारा एक बारका संगणक. ती मग नेटवर्कवरून केंद्राच्या सर्व्हरला राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, पाठवायची. परवा विजेचा दाब एकाएकी वाढला. पेटी जळाली आणि तिला जोडलेल्या हाताची स्मृतीही गेली. हात शाबूत, पण कोरा.

आणि कोरा हात फार काळ ठेवून चालत नव्हतं. खांद्यातल्या नसा नव्या हाताशी नव्यानं जुळवून घ्यायला लागतात. एकदा त्या तशा जुळल्या, की जुनी स्मृती त्यांना लागू पडत नाही. केंद्राच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, आज संध्याकाळपर्यंत. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून, सगळ्या गाई, सगळी वर्षं.

"बॅकअप आहे ना पण?" मुलाणींनी सकाळपासून कितव्यांदा तरी विचारलं.

"आहे हो, आहे! हे बघा ना. यशस्वी, यशस्वी, यशस्वी." वृंदानं पडद्यावरचा हिरवा रकाना वरपासून खालपर्यंत सरकवून दाखवला. "रोज रात्री यशस्वी. डोंबलाचं यशस्वी! घ्यायला यशस्वी, आणि द्यायची वेळ आली की म्हणतंय, हे यंत्र मी ओळखत नाही."

नवी घरपेटी टेबलावरच होती, हाताला वायरीनं जोडलेली. सर्व्हर तिला दारात उभं करत नव्हता. वृंदानं शोधून काढलं, की तो दोनदा खात्री करून घेतो: नाव सांगितलं की पत्ता जुळला पाहिजे आणि पत्ता सांगितला की नाव. नावावरून पत्ता बरोबर येत होता, पत्त्यावरून मात्र भलतंच नाव. तिनं दोन्हीकडच्या यादीत ओळ दुरुस्त केली.

मग सर्व्हर म्हणाला, दार बंद आहे. पेटीची सुरक्षा-भिंत ज्या दारातून बॅकअप आत यायचा तेच दार लावून बसली होती. वृंदानं ते उघडलं. मग सर्व्हर म्हणाला, या पेटीचं ओळखपत्र अजून सुरूच झालेलं नाही.

"सुरू झालं नाही म्हणजे?" मुलाणींनी विचारलं.

वृंदानं पेटीला तारीख विचारली आणि कपाळावर हात मारून घेतला. "एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. युनिक्सचं घड्याळ तिथून मोजायला लागतं. नव्या पेटीला कुणी वेळच सांगितली नाही, म्हणून ती अजून तिथंच बसलीय."

"अहो, तेव्हा माझी आईसुद्धा नव्हती."

"म्हणून तर सर्व्हर तुमचं ऐकत नाही!"

घड्याळ लावलं. पुन्हा आज्ञा दिली. या वेळी प्रत खरंच यायला लागली, अर्ध्यावर आली आणि थांबली. परवानगी नाही. पेटीतला प्रोग्राम साध्या वापरकर्त्याच्या नावानं चालत होता आणि त्याला हाताच्या फायलींना शिवायचा अधिकारच नव्हता. वृंदा खुर्चीवरून उठली, खिडकीपाशी गेली, बाहेर बघून स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि परत येऊन बसली. जे पुटपुटली ते मुलाणींनी ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं.

तो अधिकार मिळवून देईपर्यंत जेवायची वेळ टळून गेली. मग पडद्यावर अक्षरं उमटली: परतावा यशस्वी. प्रत हातात उतरली होती.

हाताची बोटं थरथरली. मनगट फिरलं. मुलाणींचे डोळे भरून आले. त्यांनी पिशवीतून एक लांब रबरी हातमोजा काढला. त्यात पाणी भरून आत एक लिंबू सोडलं होतं. शिकाऊ डॉक्टरांना पोटातला स्पर्श शिकवायला त्या हेच वापरायच्या. त्यांनी मोजा चाचपला. पुन्हा चाचपला.

"काय झालं?" वृंदानं विचारलं.

"लागतंय काहीतरी. पण ते कुणीतरी दुसरंच सांगतंय असं वाटतंय." त्यांनी मोजा बाजूला ठेवला आणि विचारात पडल्या. त्याबरोबर त्यांचा उजवा हात सावकाश वर आला, वरच्या ओठापाशी गेला आणि दोन बोटांनी तिथं नसलेली मिशी पिळू लागला.

मग मुलाणी इतक्या हसल्या, की ठसका लागला. "अगं बाई! ही कुणाची मिशी?"

वृंदाला मात्र हसू येईना. तिनं बॅकअपच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक पेटीला कारखान्यातून एक ठसा मिळतो, माणसाच्या अंगठ्यासारखा, न बदलणारा. मुलाणींच्या पेटीचं नाव होतं 'श्री'. श्रीच्या नोंदींत ठसे मात्र दोन होते. दोन पेट्या, एकच नाव. सर्व्हर दोघींना एकच समजत होता. एका रात्री एकीचं घ्यायचा, दुसऱ्या रात्री दुसरीचं, आणि फायलींची नावं तीच असल्यानं जे नवं असेल ते जुन्यावर चढवायचा. आणि वर हिरव्या अक्षरांत: यशस्वी.

तिनं गिरमेला फोन लावला आणि आवाज मोठा केला. गिरमे म्हणजे घरोघर जाऊन पेट्या बसवणारा केंद्राचा तंत्रज्ञ.

"गिरमे, तुम्ही पेटीला काय नाव देता?"

"श्री," गिरमे म्हणाला.

"प्रत्येक पेटीला?"

"सुरुवात श्रीनंच करायची असते, मॅडम. कोणतंही काम असू दे. नंतर केंद्रात आल्यावर नाव बदलायचंच असतं."

"आणि बदललं का?"

"बहुतेकांचं बदललं. एखाद-दुसरं राहिलं असेल. पण बॅकअप तर यशस्वी येत होता की!"

वृंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिच्याआधी मुलाणीच बोलल्या. "एखाद-दुसरं राहिलं असेल? अहो गिरमे, माझा हात आहे तो! पोट आहे माझं त्याच्यावर! तुम्हाला एक नाव बदलायला..."

त्यांचा खांदा ताठला, आणि हात सुटला. वर गेला, तळवा उघडला आणि सपकन आडवा खाली आला. मुलाणी खुर्चीतून जवळजवळ ओढल्या गेल्या. हात हवेतच थांबला, टेबलाच्या खणापाशी, खणाच्या मुठीच्या उंचीला. कशावर तरी आदळल्यासारखा. मग तो मागं गेला आणि पुन्हा तसाच आला, तिथंच.

"हॅलो? मॅडम?" गिरमे म्हणाला. वृंदानं फोन बंद केला.

मुलाणींनी डाव्या हातानं उजवा मनगटाशी घट्ट धरला होता. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी कधी जनावरालासुद्धा मारलं नाही," त्या म्हणाल्या. "मला राग आला, एवढंच."

"तुम्ही नाही केलं. तुमच्या खांद्याला ताण आला, आणि राग आल्यावर पुढं काय करायचं ते हातानं पुरं केलं. त्याला जे माहीत आहे ते."

"पुन्हापुन्हा केलं तरच तो शिकतो. तुम्हीच सांगितलं होतं, बसवताना."

"हो."

"आणि तो इथं थांबतो." मुलाणींनी खणाच्या मुठीकडं पाहिलं. "टिळेकर मॅडम, या उंचीला मोठ्या माणसाचा चेहरा नसतो."

वृंदाला भयंकर राग आला होता आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं. ती संगणकाकडं वळली, कारण तेवढंच तिच्या हातात होतं. ठशांवरून नोंदी वेगळ्या करणं सोपं होतं. एकीकडं मुलाणींच्या, दुसरीकडं त्या माणसाच्या. अध्येमध्ये थोड्या रात्री गेल्या होत्या, पण गाईंचा स्पर्श जवळजवळ सगळा शाबूत होता. तिनं आज्ञा लिहिली आणि बटण दाबलं.

पडदा म्हणाला: या नोंदींत दुसऱ्या व्यक्तीच्या शरीराची स्मृती आहे. त्या व्यक्तीच्या तोंडी संमतीशिवाय ती हलवता अथवा पुसता येणार नाही.

"आता हे काय!" वृंदा ओरडलीच.

शरीरस्मृतीचा नवा कायदा. कुणाच्या हातापायांची आठवण त्याला न विचारता कुणी हलवायची नाही. कायदा चांगल्या हेतूनं झाला होता आणि वृंदानं तो सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच बसवला होता, पळवाट न ठेवता. सर्व्हर त्या माणसाला फोन लावणार, आवाज ओळखणार, आणि त्यानं 'हो' म्हटलं की कुलूप उघडणार. त्याचं नाव, गाव, काहीही केंद्राला दिसणार नाही.

"तो 'हो' म्हणेल ना?" मुलाणींनी विचारलं.

"का नाही म्हणणार? तुमच्या हाताची प्रत नीट ठेवायची आहे, म्हणायचं. कुणीही हो म्हणेल. एक शब्द. की लगेच तुमचा हात तुमचा." तिनं खिडकीकडं पाहिलं. उन्हं कलायला लागली होती. "एक तासभर लागेल परताव्याला. म्हणजे आत्ताच लावायला हवा."

"आणि त्यानंतर? त्या घरातलं?"

"त्यानंतरचं त्यानंतर बघू. तक्रार करू, काय करायचं ते करू. पण आधी तुमचा हात, डॉक्टर. सकाळपासून त्याच्यामागं लागलेय मी."

सर्व्हरनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"फोन उचलायला काय होतं माणसांना! लग्नाच्या पत्रिकेसारखा खिशात मिरवतात नुसता!" वृंदानं तिसऱ्यांदा लावला. पलीकडून कुणीतरी उचलला.

"हॅलो?" अगदी हळू आवाज. लहान मुलीचा.

वृंदा जरा गडबडली. "बाळा, मी हाताच्या केंद्रातून बोलतेय. तुमच्या घरी ज्यांना यंत्राचा हात बसवलाय..."

"पप्पा."

"हां. पप्पांना देतेस का फोन?"

"पप्पा झोपलेत. रात्रपाळी होती."

"मम्मी?"

"ती कामाला गेलीय. अंधार पडल्यावर येते."

मुलाणी उठून टेबलापाशी आल्या होत्या. उजवा हात त्यांनी पाठीमागं धरून ठेवला होता. त्या फोनपाशी वाकल्या. "कितवीत आहेस गं तू?"

"दुसरीत."

खालच्या मजल्यावर कुणीतरी नवा पाय लावून चालायचा सराव करत होतं, त्याचा ठक ठक आवाज वर येत होता.

"काय काम आहे?" मुलीनं विचारलं. "पप्पा उठल्यावर सांगू का?"

"कधी उठतील?"

"रात्री. कामाला जायच्या वेळी."

वृंदानं मुलाणींकडं पाहिलं. मुलाणी पडद्याकडं बघत होत्या, जिथं त्यांच्या सगळ्या गाई एका कुलपाआड वेगळ्या करून ठेवलेल्या होत्या.

"खूप अर्जंट आहे का?" मुलीचा आवाज आणखी खाली आला. ती बहुधा दाराकडं बघून बोलत होती. "अर्जंट असेल तर मी हाक मारते. उठवू का, काकू?"